बुलडोझर येण्याआधी कागद हवा

25 जून 2016 ची पहाट आम्ही विसरलेलो नाही. दादरच्या गोकुळदास पास्ता लेनमधले डॉ. आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस अंधारातच भुईसपाट झाला. उंबरमाळीला बातमी पोहोचली तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. मिळेल ती कसारा लोकल पकडून आमच्यातले काही जण दादरला गेले. दोन तासांचा प्रवास, आणि डब्यात एकच प्रश्न: "पाडलं कुणी?" उत्तर कळले तेव्हा दगडमातीच्या ढिगापेक्षा तेच जास्त लागले. पाडणारे शिवसैनिक नव्हते, संघवाले नव्हते. बाबासाहेबांनी 1944 साली स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नावाने ते पाडले गेले होते. त्यामागे उभे असलेले बडे सनदी अधिकारीही आपल्याच समाजातले होते.

त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांनंतर आम्हाला व्यक्तीवर बोलायचे नाही. ज्या रिकाम्या जागेतून बुलडोझर आत आला, त्या जागेवर बोलायचे आहे. कारण ती जागा अजून रिकामीच आहे, दादरमध्ये आणि आपल्या शहापूर-मुरबाडमध्येही.

आधी काय गेले ते नीट समजून घेऊ. ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 ला निघाला तेव्हा आपल्या समाजाकडे स्वतःचा छापखाना नव्हता. ‘बहिष्कृत भारत’ 3 एप्रिल 1927 ला आला, म्हणजे महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. 24 नोव्हेंबर 1930 ला ‘जनता’, आणि 4 फेब्रुवारी 1956 ला त्याच पत्राचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ज्यांना अक्षराला हात लावायची बंदी होती, त्यांच्या पोरांनी खिळे जुळवून ही पत्रे छापली. बुद्धभूषण प्रेस म्हणजे त्या कामाचा पत्ता. तिथे ना कमानी होत्या ना कोरीव खांब. मुंबईतल्या वारशाच्या सहलीला येणारा माणूस तिथे थांबला नसता. साध्या भिंती, यंत्रे, कागदाचे गठ्ठे. त्या रात्री यंत्रे आणि जुने दस्तऐवजही ढिगाऱ्यात गेले, असा आंबेडकर कुटुंबीयांचा आणि कार्यकर्त्यांचा आरोप आहे.

पाडणाऱ्यांची बाजू काय होती? इमारत धोकादायक आहे, महापालिकेची कलम 354 ची नोटीस आहे, आणि इथे समाजासाठी सतरा मजली भव्य भवन उभे करायचे आहे. ही भाषा ओळखीची वाटते ना? ‘धोकादायक’ आणि ‘भव्य’ हे दोन शब्द एकत्र आले की जुने काहीही पाडता येते. आणि इमारत धोकादायक असेलच, तर दिवसाउजेडी सर्वांना बोलावून, कागदपत्रे हलवून, यंत्रे काढून, मोजमापे घेऊन ती उतरवता येत नाही का? पहाटे पाडायची गरज कुणाला पडते?

19 जुलै 2016 ला भायखळ्याहून विराट मोर्चा निघाला. आम्हीही होतो. रस्ता निळा झाला होता, घोषणांनी घसा बसला. तो राग खरा होता आणि त्याचा आम्हाला आजही अभिमान आहे. पण परतीच्या गाडीत आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न अजून टोचतो. ते म्हणाले, "आज जेवढे लोक आले, त्यातल्या दहा जणांनी पाच वर्षांपूर्वी एक अर्ज केला असता तर?"

तो अर्ज कसला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. इमारतींना ग्रेड 1, 2, 3 असा दर्जा मिळतो. यादीतली इमारत पाडायची, वाढवायची, तिचे रूप बदलायचे तर वारसा समितीकडे जावे लागते. यादीत येण्यासाठी इमारत देखणीच हवी असे नाही. एखाद्या थोर व्यक्तीशी किंवा घटनेशी असलेला संबंध हाही निकष आहे. या निकषावर बुद्धभूषण प्रेसचा दावा फोर्टातल्या कुठल्याही दगडी इमारतीइतका भक्कम होता. तसे संरक्षण असते तर नुसत्या धोकादायकच्या नोटिशीवर रातोरात यंत्र लावणे एवढे सोपे गेले नसते. वारशाचा कागद म्हणजे काही अमरपट्टा नव्हे, हे आम्हाला कळते. यादीतल्या इमारतीही पडतात. पण कागद असला की पाडणाऱ्याला आधी विचारावे लागते, कारण द्यावे लागते, थांबावे लागते. आपल्याला कोर्टात जायला तेवढा वेळ मिळतो. चळवळीला बहुतेक वेळा न्याय मिळत नाही, मुदत मिळते. ती मुदतही आपण मागून ठेवलेली नाही.

का नाही मागितली? या प्रश्नावर आपण एकमेकांशी खरे बोलले पाहिजे.

एक कारण उघड आहे. वारसा कशाला म्हणायचे हे ठरवणारे लोक आपल्या वस्तीतले नाहीत. किल्ले, वाडे, मंदिरे, गोऱ्या साहेबांची कार्यालये, दक्षिण मुंबईतली आर्ट डेको घरे हा वारसा. 2018 साली व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना मिळाला. आनंदच आहे. त्या किल्ल्यांच्या तटाला आपल्याही पूर्वजांचा घाम लागला आहे. पण चाळीतली खोली, छापखाना, वस्तीतली विहीर, परिषदेचे मैदान, जलशाचा कट्टा यांना ‘जुने बांधकाम’ म्हणतात. समाजशास्त्र शिकताना आम्ही सामूहिक स्मृतीवर पुष्कळ वाचले होते. स्मृतीलाही सात-बारा लागतो, हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हते. ते दादरच्या ढिगाऱ्यापाशी कळले.

दुसरे कारण आपल्याकडे आहे आणि ते जास्त बोचरे आहे. आपल्याला मोठे हवे असते. इंदू मिलच्या साडेबारा एकरांवर 11 ऑक्टोबर 2015 ला भूमिपूजन झाले. पुतळ्याची आणि चौथऱ्याची मिळून उंची 450 फूट. ती जागा मिळवायला लढा द्यावा लागला, चैत्यभूमीला लागून ती हवीच होती, त्यावर आमचे दुमत नाही. पण भूमिपूजनानंतर वर्ष होण्याच्या आत तिथून जवळच बाबासाहेबांचा छापखाना पाडला गेला, आणि दोन्ही गोष्टी ‘बाबासाहेबांच्या सन्मानासाठी’ होत्या! उंची फुटात मोजणाऱ्या सन्मानाची सरकारला अडचण होत नाही. उलट त्याचे फोटो निघतात. अडचण होते ती ‘जनता’च्या जुन्या अंकांची, कारण त्या अंकांत मजुरांविषयी, खोतीविषयी, वतनाविषयी जे लिहिले आहे ते आजही सरकारला परवडणारे नाही.

नागपूरला तेच झाले. 1 जुलै 2024 ला दीक्षाभूमीवर हजारो लोक जमले आणि भूमिगत पार्किंगचे काम बंद पाडले. ज्या भूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला लाखोंनी नवा जन्म घेतला, तिथे गाड्या ठेवायला खड्डा खणत होते. स्तूपाच्या पायाला धोका होईल ही लोकांची भीती होती. सरकारने त्याच दिवशी स्थगिती जाहीर केली. लोक जिंकले. पण तो आराखडाही विकासाचाच होता, आणि स्मारक समितीला विश्वासात घेऊनच तो पुढे नेला होता. दादर आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी दार आतून उघडले गेले, याची नोंद आपल्या इतिहासात राहिली पाहिजे. ट्रस्ट, समिती, विश्वस्त हे जागेचे रखवालदार आहेत. ते मालक झाले की बिल्डर त्यांच्या ओसरीवर येऊन बसतो.

आता लंडनचे उदाहरण घ्या, कारण ते उलट्या बाजूने शिकवते. 10 किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले आणि स्मारक केले. पण निवासी घराचे संग्रहालय करायला तिथल्या नियोजन खात्याची परवानगी लागते, ती घेतली नव्हती. शेजाऱ्यांनी वर्दळीची तक्रार केली, कॅम्डेन कौन्सिलने 2018 मध्ये परवानगी नाकारली. मग अपील झाले, 2019 मध्ये जाहीर सुनावणी झाली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्याने संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला. इंग्रजांच्या न्यायबुद्धीचे गोडवे आम्ही गाणार नाही, त्यांचा इतिहास आपल्याला माहीत आहे. मुद्दा इतकाच की तिथे वाद कागदावर आणि उघड्यावर झाला. निकाल वाचता येतो, त्यातली कारणे तपासता येतात. दादरच्या पहाटेची कारणे कुठे वाचायची?

हे सगळे उंबरमाळीत बसून लिहायचे कारण आहे. आमच्या एका अंगाला लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला नाशिक महामार्ग. थोड्या अंतरावर समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, जून 2025 मध्ये खुला झाला. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला आहे. गोदामे, फार्महाऊस, प्लॉटिंगचे फलक. गावांचे जुने नकाशे ज्यांना वाचता येतात ते दलाल आहेत, आणि ज्यांची गावे आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत.

हा मुलूख मुळात वाटांचा आहे. सोपारा बंदरातून नाशिककडे जाणारी वाट थळ घाट चढून जाई, कल्याणहून जुन्नरला जाणारी मुरबाडातून नाणेघाट चढे. सोपाऱ्याला 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथेच मिळाले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातल्या लेखात सोपाऱ्याचे नाव आहे. म्हणजे आमच्या घाटाखालून भिक्खू, व्यापारी, बैलांचे तांडे गेले, ते रेल्वे यायच्या दोन हजार वर्षे आधी. मुरबाडात सोनावळ्याजवळची लेणी आज ‘गणेश गडद’ म्हणून ओळखली जातात. त्रिरश्मीचे पांडवलेणे झाले, कोंडिविट्याचे महाकाली झाले, जुन्नरच्या लेण्याद्रीत अष्टविनायकातला एक गणपती बसला आहे. कुणा भाविकाला तिथून हाकलावे असे आमचे म्हणणे नाही. कार्ल्याची एकवीरा ही आगरी-कोळी बांधवांची माय आहे, आणि त्यांच्याशी भांडून आपल्याला काय मिळणार? पण दगडावर जे कोरले आहे ते पाटीवर लिहा, एवढे मागायला आपण का लाजतो?

आणि प्रामाणिकपणा दोन्हीकडून हवा. नाणेघाटातला नागणिकेचा लेख बौद्ध नाही. त्यात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईघोड्यांची यादी आहे. काही तरुण मित्र तिथे जाऊन ‘बुद्ध लेणी’ म्हणून व्हिडिओ टाकतात. नका टाकू. तो लेखही जपलाच पाहिजे, आणि तो काय आहे हे सांगूनच जपला पाहिजे. खोट्या दाव्याने एक जागा मिळते आणि दहा खऱ्या दाव्यांवरचा विश्वास जातो.

लेण्यांना निदान पुरातत्त्व खाते नावाचे कुणीतरी वाली आहे. 1958 चा केंद्राचा कायदा आहे, 1960 चा राज्याचा आहे. प्राथमिक अधिसूचना, हरकती, अंतिम अधिसूचना अशी वाट ठरलेली आहे. केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षे जुने असण्याची अट आहे. ही अट आजवर आपल्याविरुद्ध गेली, कारण आपला आधुनिक इतिहासच विसाव्या शतकातला. आता ती शंभरी भरू लागली आहे. माणगाव परिषद 1920 ची. चवदार तळे 20 मार्च 1927, म्हणजे शताब्दी 2027 मध्ये. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने 2022 मध्ये बडोद्याची संकल्पभूमी आणि बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1900 ला प्रवेश घेतलेली साताऱ्याची शाळा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करण्याची शिफारस केली. दार किलकिले झाले आहे. आत शिरायला पुरावे लागतील.

पण आम्हाला सर्वात जास्त काळजी आहे ती ज्यांना कुठलाच कायदा ओळखत नाही त्या जागांची. गावोगावच्या जुन्या महारवाड्याच्या विहिरी. 4 ऑगस्ट 1923 ला बोले साहेबांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले, पण गावात ते खुले व्हायला पुढच्या दोन-दोन पिढ्या गेल्या. तोवर आपली माणसे वेगळ्या विहिरीचे पाणी पीत होती. आटली की गावविहिरीच्या काठावर ओंजळ पुढे करून उभी राहत होती. आज नळयोजना आली, विहीर वापरात नाही, कठडा पडला, कचरा पडतो. एके दिवशी जेसीबी येतो आणि तासाभरात ती बुजते. कुणी रडत नाही. आमच्या ओळखीच्या एका गावात रस्ता रुंद करताना अशी विहीर आणि तिच्याजवळचा पंचशील ध्वजाचा कट्टा दोन्ही गेले. आम्ही भरपाई मागायला गेलो तर उत्तर मिळाले की दफ्तरात इथे काहीच नाही. खरेच नव्हते. सात-बाऱ्यावर नोंद नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नाही. आमच्या आज्या ज्या काठावर ताटकळल्या, ती जागा सरकारच्या लेखी पडीक होती.

काही मित्र म्हणतात, "ती विहीर गुलामीची खूण आहे, बुजली तर बरेच झाले." आम्हाला हे मत कळते. ज्या म्हातारीने ते भोगले तिने म्हटले तर आम्ही मान खाली घालून ऐकू. पण ते विसरून जाणे कुणाच्या सोयीचे आहे? "आमच्या गावात जातिभेद कधी नव्हताच" असे छातीठोक सांगणाऱ्यांपुढे ती विहीर हा दगडी पुरावा आहे. पुरावा बुजवून कुठली केस जिंकली जाते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वारसा दर्जा गरिबाच्याच मुळावर येतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरवर परवानगी. लेण्याखाली पाडा असेल तर घराचा पत्रा बदलतानाही माणूस हेलपाटे घालतो. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वीस-बावीस वर्षे राहिले. त्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्या जपायलाच हव्यात, पण त्यासाठी आजूबाजूच्या कुटुंबांनी इवल्याशा खोल्यांत आणि सामायिक संडासांत आयुष्य काढावे, हे बाबासाहेबांना मान्य झाले असते का? म्हणून सरसकट ‘सगळे जसेच्या तसे ठेवा’ ही मागणी आम्ही करणार नाही. खोली, तिचा जिना, तिची गॅलरी जपा, आणि रहिवाशांना तिथेच चांगले घर द्या. हे अवघड आहे, अशक्य नाही. विहिरीच्या बाबतीत तर तेवढेही अवघड नाही. रस्ता पाच हात वळवला तर कुणाचे घर जात नाही.

शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीत येतो, मुरबाडचाही काही भाग येतो. म्हणजे इथे पेसा लागू आहे. 1996 च्या त्या कायद्याने परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि भूसंपादनाआधी सल्लामसलत बंधनकारक केली आहे. 2006 चा वनहक्क कायदाही सांस्कृतिक वारशाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. मुंबईच्या माणसाकडे वारसा समिती आहे, आमच्याकडे ग्रामसभा आहे, आणि ती वापरली तर कमी ताकदीची नाही. मात्र हे कायदे आदिवासींच्या लढ्यातून आले आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधवांचे देवखांब, वाघोबाची ठाणी, स्मशाने यांच्यावरही तोच जेसीबी येतो आहे. आपण आपल्या विहिरीचा ठराव घेऊन जायचे आणि त्यांच्या ठाण्याच्या वेळी घरी बसायचे, असे चालणार नाही. यादी एकत्र झाली तरच ग्रामसभेत हात वर होतील. बौद्धवाड्याच्या एकट्याच्या मतांवर ठराव मंजूर होत नाही, हे गणित प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे.

आम्ही सुरुवात केली आहे, फार छोटी. प्रत्येक जागेचा एक कागद. जागेचे लोकांच्या तोंडचे नाव, गट नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, चारही बाजूंनी फोटो, वावाने मोजलेला घेर, आणि त्या जागेविषयी दोन म्हाताऱ्या माणसांचे त्यांच्याच शब्दांतले सांगणे, खाली सही किंवा अंगठा. बाबासाहेब इथे आले होते असे कुणी सांगितले तर ‘असे सांगतात’ म्हणूनच लिहायचे, तारीख सापडेपर्यंत. मग नमुना 8 मध्ये नोंदीसाठी ग्रामसेवकाकडे अर्ज, अर्जाची पोच, ग्रामसभेत ठराव, ठरावाची नक्कल तहसीलदार, प्रांत आणि पुरातत्त्व संचालनालयाला. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचे नाही.

या कामात फलक लागत नाही आणि सत्कार होत नाही. जयंतीच्या डीजेला वर्गणी देणारे पोरगे टेप धरायला मात्र येत नाही, असा अनुभव येतोच. तरी काही येतात. मागच्या महिन्यात बारावीतल्या एका मुलीने आपल्या पणजीकडून एका विहिरीचे नाव लिहून आणले. ते नाव आमच्यापैकी कुणीही ऐकले नव्हते. पणजी नव्वदीच्या पुढे आहे.

पहिल्या अकरा जागांची यादी येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवणार आहोत. आसपासच्या गावांतल्या कार्यकर्त्यांना कागदाचा नमुना हवा असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात या. झेरॉक्सचे पैसे आम्ही गोळा केले आहेत, मोजायची टेप मात्र एकच आहे, ती येताना आणा.

जय भीम.